एकेचाळीस जणांना आश्रय

४ मार्च १९७३, रविवार

आले एकदाची. सकाळी सातची एस.टी. मिळाली आणि नवाच्या आत सोलापूर. अक्कलकोटच्या स्टँडवर अप्पा सोडायला आले होते. त्यांचं पालुपद शेवटपर्यंत चालूच. चनमल्लप्पा बिराजदाराची लेक, एम. ए. झालेली, आणि काम कुठं करणार, तर पाद्र्याच्या चर्चमध्ये! आईनं, आमच्या अव्वानं, मात्र कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. पोटाला चिमटा काढू नको, बाकी देव बघून घेईल, म्हणाली. कुठला देव, ते तिनं सांगितलं नाही.

शाळेतली माझी तात्पुरती जागा डिसेंबरात संपली. मोडी आणि इंग्रजी दोन्ही वाचणारं माणूस पाहिजे, ही जाहिरात आमच्या कुलकर्णी मास्तरांनी दाखवली. मोडी मला त्यांनीच शिकवलेली. इथल्या सेंट आल्बन चर्चचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा आहे. दोन महिन्यांचं काम.

जागा मला फार आवडली. रेल्वे लाइनीपलीकडे कडुनिंबांचं मोठं आवार. मधोमध काळ्या दगडाचं छोटं चर्च, वर मंगलोरी कौलं, आत वीसेक बाकं आणि पायाला गार लागणारी शहाबादी फरशी. शेजारी पाळकांचा, म्हणजे इथल्या पाद्र्यांचा, बंगला. त्याच्या मागची खोली मला दिली आहे. शहरात टँकरमागे घागरी घेऊन बायका धावताहेत, इथल्या विहिरीला मात्र अजून पुरुषभर पाणी. सकाळी गल्लीतल्या बायकाही भरून नेतात.

पाळक रेव्हरंड योहान उजागरे साठीचे, विधुर, ठेंगणे, समोरच्याचं बोलणं कधी तोडत नाहीत. त्यांच्या थोरल्या बहीण मार्थाबाई घर सांभाळतात. त्या नर्स होत्या, आता निवृत्त. चर्चला त्या ‘देऊळ’ म्हणतात, याची मला गंमत वाटली. मंडळी म्हणजे इथं येणारी ख्रिस्ती घरं अवघी चौदा, बहुतेक नगरकडून रेल्वेच्या नोकरीपायी आलेली. तीन वर्षांपूर्वी वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या बऱ्याच मंडळ्या एक झाल्या. ही चौदा घरं कागदावर त्यांत गेली, पण उपासना अजून जुन्याच अँग्लिकन पुस्तकातून करतात. ईस्टरनंतरच्या आठवड्यात बिशपसाहेब येणार आहेत. चर्च चालू ठेवायचं, की कुलूप लावून सगळ्यांना मोठ्या चर्चला धाडायचं, ते तेव्हा ठरेल. छापलेला इतिहास हातात ठेवला तर साहेबांचं मन वळेल, एवढीच पाळकांची आशा.

७ मार्च, बुधवार

आज त्यांचा उपवासकाळ सुरू झाला, ईस्टरपर्यंत चालतो. पाळकांनी प्रत्येकाच्या कपाळाला राख लावली. मी जन्मभर विभूती लावणारी, मला घरीच आल्यासारखं वाटलं. मार्थाबाईंना तसं म्हटलं तर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, मग तुला वेगळी लावायला नको.

दप्तर पाहायला घेतलं. १८६९ साली रेव्हरंड क्रॉफ्टन नावाच्या साहेबानं हे चर्च उभं केलं. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं सुबक अक्षरात. १८७७ च्या मोठ्या दुष्काळात त्यानं एकच ओळ लिहिली आहे: ‘या चर्चने एकेचाळीस दुष्काळपीडितांना आश्रय दिला.’ पाळकांना या ओळीचा फार अभिमान. पुस्तक तिथूनच सुरू करा म्हणाले.

आणखी दोन गोष्टी पुस्तकात हव्यातच. एक, वेदीजवळच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला मोडी कागद. पाळकांचे आजोबा थोमा उजागरे इथले पहिले देशी उपदेशक, आणि ही म्हणे त्यांची प्रार्थना. वाचता कुणालाच येत नाही, पण बाप्तिस्म्याच्या दिवशी मुलाचं डोकं त्या काचेला टेकवतात. थोमा इतके नम्र होते, की मरेपर्यंत आत बसले नाहीत. पायरीवर बसून उपासना ऐकायचे.

दुसरी गोष्ट ‘देवदूतांची घटका’. उपवासकाळात दुपारी दोनच्या सुमाराला बंद चर्चमधून गुणगुण येते. देवदूत प्रार्थना करतात, असं सगळे मानतात. तापलेल्या कौलांत वारा घुमत असेल. पण लिहायला छान आहे.

१३ मार्च, मंगळवार

काम झरझर चाललं आहे. आज एक विचित्र गोष्ट झाली, तेवढी लिहून ठेवते.

चर्चच्या दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे. ईस्टरला पाळकांच्या नातीचा बाप्तिस्मा, म्हणून मार्थाबाईंनी ते घासून भरायला लावलं. भरलं सिद्धाप्पानं. हा इथला घंटा वाजवणारा आणि झाडलोट करणारा, मैंदर्गीचा, म्हणजे आमच्याच बाजूचा. त्याचा बापही इथंच होता. माझ्याशी मधूनमधून कानडीतही बोलतो.

सकाळी काठोकाठ भरलेलं कुंड चार वाजता कोरडं. नुसतं रिकामं नव्हे, आतला दगड उन्हात ठेवल्यासारखा पांढरा. चीर असेल म्हणून बोटांनी चाचपलं, सापडली नाही. वेदीवरच्या फुलदाणीचं तेच. फुलं पापडासारखी वाळलेली. ऊनच तसं आहे, मार्थाबाई म्हणाल्या. सिद्धाप्पा रोज एक वाजता आवाराबाहेर जातो, चारनंतरच परततो.

१९ मार्च, सोमवार

आज मुद्दाम दोनला चर्चमध्ये जाऊन बसले. मार्थाबाईही आल्या. थोडा वेळ काही नाही, नुसती बाहेरची होल्याची घू-घू. मग आलं. खरोखर गुणगुण. वाऱ्याची नव्हे. पुष्कळ माणसं लांबवर एकदम बोलत असावीत तशी. आणि कौलांतून नाही, खालून.

मार्थाबाईंनी डोळे मिटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं. लहानपणापासून ऐकते, म्हणाल्या, पण यंदा आवाज मोठा आहे. मागे एका दुष्काळात असाच मोठा झाला होता, असं त्यांची आई सांगायची.

बाहेर आले तेव्हा घशाला नुसती कोरड. दोन तांबे पाणी प्यायले.

२२ मार्च, गुरुवार

आज एकटीच गेले होते. गुणगुण चालू होती. हातातली पेन्सिल पडली, उचलायला वाकले आणि कान फरशीजवळ गेला.

कानडी आहे.

पुस्तकातली नव्हे, आमच्या घरची, अव्वा बोलते ती. ‘नीर कोड्रेव्वा.’ पाणी द्या हो बाई. पुन्हा पुन्हा तेच. बायकांचे आवाज, म्हाताऱ्यांचे. एक पुरुष सारखा म्हणत होता, ‘बागला तगीरी.’ दार उघडा.

माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, ‘यार?’ कोण?

सगळं एकदम बंद. मग माझ्या पायाखाली, मी उभी होते नेमक्या त्याच फरशीखाली, सगळे मिळून —

मी पळत बाहेर आले. चप्पल आतच राहिली.

२३ मार्च, शुक्रवार

सिद्धाप्पाला फाटकाशी गाठलं. मी काही सांगायच्या आधीच त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

“ऐकू आलं व्हय, अक्का?”

त्याच्या बापालाही ऐकू यायचं. म्हणून दोघांनीही दुपारी इथं थांबायचं सोडलं. या लोकांना तो सांगत का नाही, असं मी विचारलं.

“त्येंना कानडी येत न्हाय, म्हून देवदूत म्हणत्यात. म्हणू द्या की. येत न्हाय त्येच बरं हाय.”

मी ‘यार’ म्हणून विचारलं, हे कळल्यावर तो खाली बसला. टाळूवर हात ठेवून. मग म्हणाला, आता तुमी काम टाका आणि गावाकडं जावा.

मी इतिहास शिकलेली बाई. खाली कोण आहे ते शोधल्याशिवाय कशी जाऊ?

२९ मार्च, गुरुवार

पाळकांनी आज स्वतः ती चौकट उतरवून आणून दिली, काच पदरानं पुसावी तशी झग्यानं पुसून. माझ्या खोलीत बसून वाचलं. जसंच्या तसं इथं देवनागरीत उतरवते.

‘सन १८७७, एप्रिल तारीख २. मी थोमा लिहितो. गुरुवारी कर्नाटकाकडील एकेचाळीस उपाशी मनुष्ये सावलीस म्हणून देवळात घेतली. शुक्रवारी त्यांतील एका बाईस पटकी झाली. रोग रेल्वेच्या साहेबलोकांत जाईल म्हणून क्रॉफ्टनसाहेबांनी दार बंद करविले. किल्ली मजपाशी दिली. पाणी खिडकीतून द्यावे असे ठरले होते. पाणी देणारा मनुष्य पळून गेला. मी गेलो नाही. मला बायको व लहान मूल होते. रविवारी पुनरुत्थानाची उपासना बाहेर मांडवात झाली. आतून दार ठोकीत होते. साहेब म्हणाले, मोठ्याने गा. आम्ही मोठ्याने गाइलो. ठोकणे वाढले तसे आणखी मोठ्याने गाइलो. आज दार उघडले. कोणी उरले नव्हते. आतच भुईत पुरिले. वर फरशी घालावयाची आहे. मला कानडी येत नाही, परंतु ते काय मागत होते हे मला समजत होते.’

बस. एवढंच.

शहाण्णव वर्षं या कागदाला मुलांची डोकी टेकवताहेत.

३० मार्च, शुक्रवार

पाळकांना वाचून दाखवलं. ते खुर्चीत ताठ बसून होते, मी संपवल्यावरही. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलं का. मग हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

चौदा घरं आहेत, म्हणाले. निम्मी म्हातारी. हे बाहेर पडलं तर बिशपसाहेब दुसऱ्या दिवशी कुलूप घालतील, आणि ही माणसं मरताना कुठल्या दारात जातील? ईस्टर होऊ द्या, साहेब येऊन जाऊ द्या, मग मी स्वतः सांगेन. तोवर पुस्तकात प्रार्थनाच असू दे.

मी हो म्हटलं. त्यांची दया आली, हेही खरं, आणि काम पुरं व्हावं, हेही खरं.

संध्याकाळपर्यंत थोमाच्या नावावर पावसासाठी एक प्रार्थना रचली. चांगली जमली. पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मार्थाबाईंनी ती पाठ करायला घेतली आहे.

३ एप्रिल, मंगळवार

तहान जात नाही. सकाळपासून किती तांबे झाले, मोजले नाहीत. पाणी घशाखाली उतरतं आणि पोटात पोचतच नाही, असं वाटतं. खोलीतली घागर मी भरून झाकते, लिहायला बसते, उठते तर तळाशी ओल सुद्धा नाही. मार्थाबाईंनी नाडी पाहिली, ताप नाही म्हणाल्या. मिठाचं पाणी दिलं.

आता आवाज चर्चपुरता राहिलेला नाही. दोन वाजता माझ्या खोलीच्या जमिनीतूनही येतो.

मला नावानं कुणी हाक मारत नाही. नुसतं ‘यव्वा’ म्हणतात. आई.

८ एप्रिल, रविवार

उपासनेला गेले. जायला नको होतं.

आज भर सकाळी सुरू झालं. तिसऱ्या गीताला फरशी खालून वाजू लागली. ठक. ठक. तळव्यांना कळत होतं. बाकीच्यांना नुसती गुणगुण ऐकू आली असावी, कारण सगळ्यांचे चेहरे उजळले. देवदूत रविवारी सकाळीच आले! पाळकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात वर केला, आणखी जोरात म्हणा, अशी खूण केली.

मंडळी मोठ्यानं गायली. खाली ठोकणं वाढलं. ही आणखी मोठ्यानं गायली.

पाळक गात नव्हते. नुसते ओठ हलवत होते.

११ एप्रिल, बुधवार

पाळकांची मुलगी रूथ आली, कुर्डुवाडीहून. नवरा रेल्वेत आहे. तीन महिन्यांची मुलगी घेऊन आली आहे, बाप्तिस्म्यासाठी. गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. नाव ईस्टरला ठेवायचं.

दोन तास घरात किती आनंद होता. मीही हसले.

दुपारी पोर रडायला लागली ती थांबेना. नेमकी दोनला.

१४ एप्रिल, शनिवार

सिद्धाप्पा काम सोडून चालला. करमाळ्याला लेकीकडे. घंटेची दोरी गुंडाळून खुंटीला लावली, किल्ल्या मार्थाबाईंच्या हातात दिल्या. मला भेटायला आला तेव्हा बोचकं काखेतच होतं.

“त्ये वाईट न्हाईत, अक्का. मागत्यात निसतं. पर मागून मागून गावलं न्हाय, की मग घेत्यात.”

रूथचं दूध आटलं आहे.

१६ एप्रिल, सोमवार

द्यायचं ठरवलं. मागतात तर देऊ.

दोन वाजता, सगळे पडले होते तेव्हा, विहिरीवरून बारा घागरी चर्चमध्ये नेल्या आणि फरशीवर ओतल्या. पाणी पसरलंच नाही. सांध्यांतून आत गेलं. आणि आवाज — घोट घेतल्याचा. हावरट, लहान मुलासारखा.

मी रडत होते. वाटलं, आता शांत होतील.

बाराव्या घागरीनंतर ओरडा वाढला. ज्यांना पोचलं नाही त्यांचा.

संध्याकाळी मार्थाबाईंनी पोहरा सोडला, तो दगडावर आपटला. विहिरीत चिखलसुद्धा नाही. गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या होत्या.

१८ एप्रिल, बुधवार

पोरीच्या ओठांना भेगा पडल्या. रडते, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. डॉक्टर आले, उन्हाचा तडाखा म्हणाले, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं द्या. देतो. कुठं जातं कळत नाही.

पाळक म्हणाले, उद्याच बाप्तिस्मा उरकू. तशीच गेली तर —

मी दारात आडवी उभी राहिले. पोरीला त्या चर्चमध्ये न्यायची नाही. रूथसमोरच सगळं सांगितलं. कागद, दार, मांडव, गाणं. मी रचलेली प्रार्थना फाडून टाकली. मार्थाबाई ऐकत होत्या. एकदाच म्हणाल्या, योहान, तुला हे ठाऊक होतं?

पाळकांनी मान खाली घातली.

१९ एप्रिल, गुरुवार

सकाळच्या पॅसेंजरनं रूथ आणि पोर कुर्डुवाडीला गेल्या. मीच बसवून दिलं. रूथ म्हणाली, तुम्हीही चला. चढायला पाहिजे होतं. एक पाय फळीवर ठेवलाही होता.

पण मी खोटं लिहिलं आहे. ते फाडलं तरी मंडळीला खरं न सांगता गेले तर तहानही बरोबर येईल. अक्कलकोटला. अव्वाच्या घरात.

संध्याकाळी स्टेशनवरून निरोप आला. जावयानं फोन केला होता. पोर पोटभर प्यायली आणि झोपली.

मग पाळक आपणहून माझ्या खोलीत आले. उद्या गुड फ्रायडे, बारा ते तीन उपासना. सगळी चौदा घरं येतात. तुम्ही कागद सर्वांसमोर वाचा, म्हणाले. नंतर फरशी उचलू. एकेकाला नीट माती देऊ. चर्च गेलं तरी चालेल.

२० एप्रिल, गुड फ्रायडे. पावणेबारा

मागच्या बाकावर बसले आहे. ही वही बरोबर आहे, वाचायचं ते हिच्यातच उतरवलं आहे. सगळे आले. बाहेर गरम झळा, म्हणून दरवर्षीप्रमाणे दार लोटून घेतलं. नुसतं लोटलं आहे. मी पाहिलं.

दीड वाजला

वधस्तंभावरच्या येशूच्या सात वचनांवर पाळक एकेक करून बोलतात. चौथं झालं. अजून खाली काही नाही. इतकी शांतता मी इथं कधी ऐकली नव्हती.

दोन

पाचवं वचन. पाळकांनी वाचलं: ‘मला तहान लागली आहे.’

आणि थांबले. मला खूण केली.

मी वाचलं. सगळं. शेवटचं वाक्यही. मग मार्थाबाई बाकावरून उतरून फरशीवर बसल्या, हात फरशीवर ठेवला, जसा आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात. बाकीचे एकेक करून खाली बसले. पाळक मोठ्यानं म्हणाले, आम्ही दार उघडलं नाही. आमची चूक झाली.

मी तेच कानडीत सांगितलं.

खाली काही नाही. एकही आवाज नाही. आणि माझी तहान गेली! पहिल्यांदा. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तोंडात ओल आली.

संपलं. देवा, संपलं.

तीन वाजून गेले

दार उघडत नाही.

अडसर नाही, कडी नाही. चौघांनी ओढलं. खिडक्यांना गज. पाळक हसून म्हणाले, लाकूड फुगलं असेल.

या उन्हात लाकूड फुगत नाही.

वेळ कळत नाही. घड्याळ बंद

ओरडलो. फाटकाबाहेर रस्ता आहे. सायकली जाताना दिसतात. कुणी वळून बघत नाही.

कुंडाला सगळ्यांनी तोंडं लावली. कोरडं. वेदीवरचा द्राक्षारसही —

मार्थाबाई माझ्याकडे वळल्या. ओठ फाटले आहेत. म्हणाल्या, ‘नीर कोड्रेव्वा.’

मार्थाबाईंना कानडीचा एक शब्द येत नाही.

—

आता सगळेच. पाळकही. दाराला टेकून, ‘बागला तगीरी, बागला तगीरी —’ मी मराठीत विचारते, त्यांना कळत नाही. माझ्याच तोंडून कुठली भाषा निघते, ते —

खाली कुणी नाही. मी कान लावला. खाली अगदी शांत आहे. रिकामं.

—

आम्ही दार ठोकतो आहोत. दोन्ही हातांनी.

बाहेर कुणीतरी आहे. खूप जण. आवारात मांडव घातल्यासारखी सावली. कानडी माणसं, मराठी नव्हेत, पण गीत तेच, रविवारचं —

हाक मारली. पाणी म्हटलं. दार म्हटलं. ऐकू जातंय त्यांना. नक्की ऐकू जातंय, कारण आम्ही ठोकलं की ते आणखी मोठ्यानं गा